आतल्या माणसाचं जेवण तोडलं तर बाहेरच्यांनी काय करायचं

जेलमध्ये मुलाखतीच्या खोलीत, म्हणजे घरच्यांनी कैद्याला भेटायच्या खोलीत, मध्ये काच असते, बोलायला फोन असतो आणि वेळ जेमतेम वीस मिनिटं. तेवढ्यात घरचे विचारतात, ‘जेवतोस ना नीट?’ आतला म्हणतो, ‘हो.’ विषय संपतो.

माझ्याकडे कराडजवळच्या एका गावची आई आली होती, तिने हे विचारलंच नव्हतं. तिने पाहिलं होतं. अटकेच्या थोडं आधी, चैत्रातल्या यात्रेत तिने पोराच्या मनगटाला जोतिबाचा दोरा बांधला होता. फोन कानाला लावताना तो दोरा घसरून थेट कोपरापाशी गेला. ‘वकीलबाई, तालमीतलं पोरगं हाय माझं. खायाला देत न्हाईत व्हय त्याला?’

मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर वकील आहे. ज्यांना वकील परवडत नाही अशा कैद्यांचं काम माझ्याकडे येतं. हे लिहितेय ते त्या आईसारख्यांसाठी. वकिलांनी वाचलं तरी चालेल, कारण त्या पोराच्या कामात पहिला अर्ज मीच वाया घालवला होता. तो कसा, ते पुढे सांगते.

आधी एक समजून घ्या. जेलमध्ये ‘जेवण बंद केलं’ याचे तीन-चार वेगवेगळे अर्थ होतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. कॅन्टीन बंद केलं, म्हणजे घरून मनीऑर्डरने आलेल्या पैशातून बिस्किटं, फरसाण घेता येत नाही. ती सवलत आहे. नियम मोडला म्हणून सवलत काढता येते, पण त्यालाही आदेश लागतो. घरचा डबा बंद केला, हे दुसरं. १८९४च्या कारागृह कायद्याच्या कलम ३१ने न्यायाधीन कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून निकाली लागलेला नाही अशा कच्च्या कैद्याला, बाहेरून जेवण आणवायची मुभा दिली आहे, पण तपासणी आणि नियमांच्या अधीन राहून. प्रत्यक्षात डब्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो आणि तो बहुतेकदा तब्येतीच्या कारणावरच मंजूर होतो. राज्याच्या एका माजी गृहमंत्र्यांनाही २०२१ मध्ये कोर्टाने आधी जेलचं जेवून बघायला सांगितलं होतं, तेव्हा डब्याच्या आशेवर फार राहू नका. तिसरं म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेला आहार: मधुमेहाचा, क्षयाचा, गरोदर बाईचा. तो शिपायाच्या मर्जीने बदलत नाही. आणि चौथं, सगळ्यांना मिळणारं रोजचं वरण, भाजी, चपाती, भात. हे कमी केलं, उशिरा दिलं, मुद्दाम खराब दिलं किंवा दिलंच नाही, तर ते सवलत काढणं नव्हे. ती शिक्षा आहे. हा लेख मुख्यतः या चौथ्याबद्दल आहे.

आता कायदा. कंटाळू नका, पुढच्या अर्जातला प्रत्येक प्रश्न इथूनच येणार आहे.

इंग्रजांनी केलेल्या त्या १८९४च्या कायद्यात जेवण कमी करणं ही चक्क लिहिलेली शिक्षा आहे. कलम ४६च्या यादीत बेड्या, गोणपाटाचे कपडे, फटके यांच्या रांगेत ‘दंड म्हणून आहार’ बसलाय. पण त्या गोऱ्या साहेबांनीही तिला कुंपण घातलं होतं. सलग ९६ तासांपेक्षा जास्त नाही. पुन्हा द्यायची तर नवा गुन्हा घडला पाहिजे आणि मध्ये एक आठवडा गेला पाहिजे. कलम ५० म्हणतं, आधी वैद्यकीय अधिकाऱ्याने कैद्याला तपासायचं आणि तो ही शिक्षा सोसू शकतो असं शिक्षा नोंदवहीत लिहायचं, त्याशिवाय अंमल नाही. आणि कलम ४८ प्रमाणे अधीक्षकाच्या हाताखालच्या कुठल्याही अधिकाऱ्याला कसलीच शिक्षा द्यायचा अधिकार नाही. जेलरला नाही, हवालदाराला नाही, आणि जेवण वाटणाऱ्या वॉर्डर कैद्याला तर मुळीच नाही. हे वाक्य मी प्रत्येक नातेवाइकाला दोनदा ऐकवते, कारण निम्मी प्रकरणं वाटपाच्या रांगेतच घडतात.

यावर सुप्रीम कोर्टाने आणखी एक कुलूप लावलं. तिहारमधल्या फाशीच्या एका कैद्याने, सुनील बात्राने, न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. स्वतःसाठी नाही, दुसऱ्या एका कैद्याचा छळ चालला होता म्हणून. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं. डिसेंबर १९७९च्या त्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की एकांतकोठडी, सक्तीचं जादा काम, त्रास म्हणून आहारात केलेला बदल, अशी कोणतीही शिक्षा सत्र न्यायाधीशांनी पाहिल्याशिवाय द्यायची नाही. तातडीमुळे आधी कळवणं जमलं नाही, तर कारवाईनंतर दोन दिवसांत कळवायचं. आहाराचं नाव त्या निकालात स्पष्ट आहे. माझ्या बॅगेत त्या पानाची झेरॉक्स कायम असते, कडा पार मऊ झाल्यात.

त्यानंतर १९८१ मध्ये फ्रान्सिस कोराली मुलिन प्रकरणात कोर्ट म्हणालं की राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधला जगण्याचा हक्क म्हणजे नुसता श्वास चालू असणं नव्हे, त्यात पुरेसं अन्नही आलं. आणि संयुक्त राष्ट्रांचे कैद्यांविषयीचे नियम, ज्यांना २०१५ पासून मंडेला नियम म्हणतात, त्यातला ४३ क्रमांकाचा नियम जेवण किंवा पिण्याचं पाणी कमी करण्याची शिक्षा सरळ मना करतो. हे नियम आपल्या जेलवर कायद्यासारखे बंधनकारक नाहीत, पण अर्जात एक ओळ टाकायला काहीच हरकत नाही.

आता एक खबरदारी. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये कारागृहांसाठी नवं विधेयक मंजूर केलं आहे. त्यामुळे अर्जात कलमाचा आकडा आपण टाकायचा नाही. ‘कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली’ असा प्रश्न विचारायचा. उत्तर शोधायची जबाबदारी त्यांची.

माझी चूक इथेच झाली. त्या पोराच्या वेळी मी तावातावाने दोन पानी अर्ज लिहिला. ‘अमानुष छळ’, ‘मानवतेला काळिमा’, सगळी विशेषणं घातली. तारीख एकही नाही. उत्तर आलं एका ओळीचं: आरोप निराधार आहेत. बरोबरच होतं त्यांचं. मी आरोपच पाठवला होता, प्रश्न नव्हता.

आपल्याकडे जेवण तोडतात ते कागदावर तोडत नाहीत. अमेरिकेत तोडायचे ते कागदावर. आर्कन्सॉ राज्याच्या तुरुंगात शिक्षेच्या कैद्यांना ‘ग्रू’ नावाचा प्रकार द्यायचे: मांस, बटाटे, भाज्या, अंडी, सरबताचा पाक सगळं एकत्र वाटून ट्रेमध्ये भाजलेला लगदा, दिवसाला हजार कॅलरीसुद्धा नाहीत. पण त्याची ठरलेली कृती होती, नोंद होती, म्हणून कोर्टात कॅलरी मोजता आल्या आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण टिकलं. आपल्याकडे शिपाई वाटपात डाव हलवतो आणि वरणाऐवजी वरचं पाणी पडतं. नोंद कुठे? कैद्यांना आत घेतात, बॅरकला कुलूप लागतं, संपलं. म्हणून आपलं सगळं काम एवढंच: जे तोंडी चाललंय त्याला कागदावर यायला भाग पाडायचं. एकतर त्यांनी म्हणावं की हो, शिक्षा दिली, हा आदेश, हे डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ही न्यायाधीशांची पोच. नाहीतर म्हणावं की शिक्षा दिलेलीच नाही. दोन्ही उत्तरं आपल्या उपयोगाची आहेत.

सुरुवात मुलाखतीपासून. ‘जेवतोस का’ विचारू नका. बाजूला शिपाई उभा असतो, माणूस हो म्हणणारच. असं विचारा: काल संध्याकाळी किती चपात्या आल्या? बाकीच्यांना किती? सगळ्यांबरोबर रांगेत घेतलंस की कोणी आणून दिलं? कधीपासून असं? त्या आधी काय झालं होतं? बॅरक तीच आहे की हलवलं? डॉक्टर आले होते का, वजन केलं का? हे प्रश्न हालहवाल विचारल्यासारखे वाटतात आणि उत्तरात आकडे आणि वार मिळतात. त्या पोराकडून दुसऱ्या मुलाखतीत एवढं कळलं: मंगळवारी सकाळी वाटपाच्या रांगेत आमटीवरून शब्दाला शब्द वाढला, दुपारी त्याला वेगळ्या कोठडीत नेलं, त्या दिवसापासून सकाळचा नाश्ता नाही आणि संध्याकाळी दोन चपात्या. अकरा दिवस. अकरा दिवस म्हणजे ९६ तासांच्या किती पुढे, ते आईनेच बोटांवर मोजलं.

बाहेर आल्यावर लगेच, गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसूनच, हे वहीत लिहा. तारीख, वेळ, त्याचे शब्द. घरी जाऊन लिहू म्हणाल तर वार बदलतात. तुमच्या डोळ्यांना जे दिसलं तेही लिहा. दोरा कोपरापर्यंत घसरला, हेही मी अर्जाच्या टिपणात घेतलं होतं.

वजनाचं विशेष. जुन्या कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे कामावर असलेल्या कैद्याचं वजन निदान पंधरा दिवसांतून एकदा त्याच्या हिस्टरी तिकिटावर, म्हणजे त्याच्या नावाच्या नोंदीच्या कागदावर, चढवायचं असतं. कच्च्या कैद्याला काम नसतं, म्हणून त्याच्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे तपासणीची आणि वजनाच्या नोंदीची मागणी वेगळी करायची. दोन तारखांची दोन वजनं हातात आली की भाषणाची गरज उरत नाही.

मग अर्ज. अधीक्षकांच्या नावे, एका पानात. माझा दुसरा अर्ज साधारण असा होता:

‘मा. अधीक्षक यांस, माझा मुलगा न्यायाधीन बंदी म्हणून आपल्या कारागृहात आहे. अमुक तारखेच्या मुलाखतीत त्याने सांगितले की अमुक तारखेपासून त्यास सकाळचा नाश्ता मिळालेला नाही व सायंकाळी दोन चपात्या मिळतात. त्याची प्रकृती खालावलेली दिसली. तरी कृपया कळवावे: त्यास आहाराबाबत कोणती शिक्षा दिली आहे काय, असल्यास कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेच्या आदेशाने, शिक्षेपूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासल्याची नोंद आहे काय, मा. सत्र न्यायाधीशांना कोणत्या तारखेस कळविले. शिक्षा दिली नसल्यास त्यास इतरांप्रमाणे पूर्ण आहार आजपासून मिळावा व त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, ही विनंती.’

बस. ‘छळ’ शब्द नाही, कोणाचं नाव नाही. खाली ‘प्रत माहितीसाठी: मा. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण’ अशी ओळ घाला आणि प्रत खरोखर पाठवा. जेलच्या आवक शाखेत दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा’ म्हणाले तर हसून हो म्हणा, बाहेर या आणि तोच अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

बहुतेक घरं याच पायरीवर अडतात. ‘नको मॅडम, आतल्याला आणखी त्रास देतील.’ ही भीती मी खोटी ठरवणार नाही. भायखळ्याच्या महिला कारागृहात जून २०१७ मध्ये एका कैदी बाईचा मृत्यू झाला. हिशेबात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, त्यावरून कर्मचाऱ्यांनी मारहाण केली असा आरोप होता. सहा जणींना अटक झाली. तेव्हा भीती आहेच. पण माझा अनुभव असा की बाहेर ज्याचं नाव कुणाच्याच टेबलावर नाही, त्याला हात लावणं सोपं जातं. सत्र न्यायाधीशांच्या आवक वहीत नंबर पडलेल्या माणसाला सहसा जपतात. तरीही निर्णय आतल्या माणसाला विचारूनच घ्या. त्याने नको म्हटलं तर फक्त वैद्यकीय तपासणीचा अर्ज करा. त्यात कुणाला राग यावा असं काही नसतं आणि डॉक्टरांची नोंद होतेच.

न्यायाधीन कैद्याला आणखी एक दार असतं: तारीख. कोर्टात नेलं किंवा व्हीसीवर, म्हणजे जेलमधूनच व्हिडिओ कॉलवर, उभं केलं, की त्याने स्वतः न्यायाधीशांना सांगायचं. वकिलाने तिथेच दोन ओळींचा अर्ज द्यायचा आणि कोर्टाने जेलकडून अहवाल मागवावा अशी विनंती करायची. व्हीसीवर आवाज तुटतो, शिपाई शेजारी असतो. म्हणून जमल्यास प्रत्यक्ष हजर करण्याची मागणी आधीच करून ठेवा. शिक्षा झालेल्या कैद्याला तारीख नसते. त्याने जिल्हा न्यायाधीशांच्या जेलभेटीच्या दिवशी बोलावं किंवा तक्रारपेटीत चिठ्ठी टाकावी. बात्रा निकालाने या पेट्याही ठेवायला लावल्या आहेत.

वकील नसेल तर १५१०० या नंबरवर फोन करा. १९८७च्या विधी सेवा कायद्यात कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तहसीलदाराचा दाखला आणा म्हणून कुणी फिरवलं तर ऐकू नका.

माहिती अधिकाराचं हत्यार जपून वापरा, पण वापरा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवायचा असतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची असते, म्हणून वरतीच ठळक लिहा: ‘कलम ७(१) प्रमाणे जीविताशी संबंधित’. ४८ तासांत उत्तर येईल अशी आशा मात्र धरू नका. आणखी एक खाचखळगा आहे: ‘ही त्रयस्थाची वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून ते नाकारतात. त्यासाठी कैद्याच्या सहीचं अधिकारपत्र जोडा. ते वकीलपत्रासोबतच आत पाठवून सही करून घ्यावं, म्हणजे वेगळा फेरा पडत नाही.

मानवी हक्क आयोगाकडे, राज्याच्या किंवा राष्ट्रीय, साध्या कागदावर फुकट तक्रार करता येते. घटनेपासून एक वर्षाच्या आत करा. तोच विषय कोर्टात चालू असेल तर आयोग हात घालत नाही, म्हणून दोन्हीकडे एकदम धावू नका. हायकोर्टात रिट, म्हणजे मूलभूत हक्कासाठीची याचिका, हा शेवटचा रस्ता. आमच्याकडच्या लोकांना त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे सातारा-सांगलीचा माणूस सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येतो.

काय करू नये तेही सांगते. मुलाखतीला जाताना लपवून खायला नेऊ नका. त्याच १८९४च्या कायद्याच्या कलम ४२ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, मग एकाचे दोन आत. ‘पैसे द्या, पोटभर मिळेल’ असं कुणी म्हटलं तर एकदा दिलेत की दर महिन्याला द्याल. त्यासाठी लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४ आहे. आणि आतल्याला ‘तूच उपोषण कर’ असा सल्ला तर कधीच देऊ नका. जेवण नाकारणं हा उलट त्याच्याच नावावर शिस्तभंग म्हणून चढतो आणि आपला सगळा मुद्दा फिरतो: त्यांनी दिलं नाही, याच्याऐवजी याने घेतलं नाही.

जातीचंही एक. भटारखान्यात अमक्या जातीचाच आचारी, झाडूला तमकेच, असं चालत असेल तर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं आहे आणि जेलच्या नोंदवह्यांतला जातीचा रकानाही काढायला सांगितला आहे. हे जेवण तोडण्यापेक्षा वेगळं वाटेल, पण तक्रार करणाऱ्याला भटारखान्यातून काढून ‘त्याच्या कामाला’ लावणं ही शिक्षाच असते. तेही तारीख घालून लिहा.

त्या पोराचं काय झालं, तर दुसरा अर्ज गेल्यावर चौथ्या दिवशी त्याला जुन्या बॅरकमध्ये परत पाठवलं. कुणी काही बोललं नाही, अर्जाला उत्तरही आलं नाही. पुढच्या मुलाखतीला आईने विचारलं, किती चपात्या? तो म्हणाला, मोजत नाही आता.

माहिती अधिकाराचं उत्तर मात्र अडीच महिन्यांनी आलं, तेही अपील केल्यावर. एकच ओळ: ‘सदर बंद्याविरुद्ध सदर कालावधीत शिक्षा नोंदवहीत कोणतीही नोंद आढळून येत नाही.’ लिहिणाऱ्याला वाटलं असेल, प्रकरण मिटलं. मी त्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक आईच्या वहीत ठेवली, एक माझ्या फाइलला, आणि तिसरी, अकरा दिवसांच्या चपात्यांच्या टिपणासोबत टाचून, सत्र न्यायाधीशांकडच्या अर्जाला ‘निशाणी अ’ म्हणून लावली.